विश्लेषण : इटालियन करारातला ‘इसार’ लिथुआनियन भाषेत का अडतो?

विल्नियसमधील एखादी कंपनी मिलानमध्ये जागा घेते, तेव्हा करार इटालियन भाषेत आणि सही करणारा लिथुआनियन, अशी स्थिती असते. दोन्ही भाषा युरोपीय संघाच्या २४ अधिकृत भाषांमध्ये आहेत. तरीही या जोडीत कायद्याचे भाषांतर करणारा माणूस सहज सापडत नाही.

माणसे कमी का?

२४ भाषांच्या दोन्ही दिशांनी ५५२ जोड्या होतात. लिथुआनियाची लोकसंख्या पुणे शहरापेक्षाही कमी. त्यातून इटालियन आणि कायदा दोन्ही जाणणारे मोजकेच. मग अनेकदा इंग्रजीचा पूल बांधला जातो. एक जण इटालियनचे इंग्रजी करतो, दुसरा इंग्रजीचे लिथुआनियन.

मग बिघडते काय?

आपल्याकडच्या इसारासारखे इटलीत दोन प्रकार आहेत. ‘कापार्रा कॉन्फिर्मातोरिया’मध्ये (नागरी संहिता, कलम १३८५) देणाऱ्याने करार मोडला तर रक्कम बुडते, घेणाऱ्याने मोडला तर दुप्पट परत करावी लागते. ही वाट नको असेल तर कराराची पूर्तता किंवा नुकसानभरपाईही मागता येते. ‘कापार्रा पेनितेन्झिआले’ (कलम १३८६) मात्र केवळ माघार घेण्याची किंमत. ती मोजली की प्रकरण मिटले. इंग्रजीत दोन्हींचे ‘डिपॉझिट’ झाले, की लाखो युरोंचा फरक पुसला जातो.

लिथुआनियनमध्ये ‘रांकपिनिगियाय’ हा जवळचा शब्द आहे, दुप्पट परताव्याचा नियमही आहे. पण तिथल्या कायद्यात साठेखतासारख्या प्राथमिक कराराला हा इसार लावता येत नाही. इटलीत तर कापार्रा बहुधा साठेखतातच असते! त्यामुळे करार इटालियन कायद्याखाली असेल, तर मूळ शब्द ठेवून खाली टीप देणे हेच शहाणपणाचे.

शोधायचे कुठे?

इटलीतील न्यायालयांच्या तज्ज्ञ याद्या, ‘आयती’ ही भाषांतरकारांची संघटना आणि युरोपीय ई-जस्टिस पोर्टल ही सुरुवातीची ठिकाणे. इटलीत भाषांतरकार न्यायालयाच्या कार्यालयात किंवा नोटरीसमोर शपथ घेतो. मात्र शिक्का मारणारा अधिकारी भाषांतर तपासत नाही. जबाबदारी शपथ घेणाऱ्याचीच.

काम देण्याआधी दोनच प्रश्न विचारावेत : भाषांतर थेट इटालियनमधून होणार का, आणि दोन्ही कापार्रांना लिथुआनियनमध्ये काय म्हणणार? दोन्हींना एकच शब्द सांगितला, तर दुसरा भाषांतरकार शोधलेला बरा.