समीक्षक केशवराव भोळे

बंगळुरूच्या सर्जापूर रोडवरच्या मराठी घरांतून गाण्याच्या बैठका होतात, आणि चहाच्या वेळी एक मत हटकून कानी पडतं : ज्याला गाता-वाजवता येत नाही तो समीक्षा लिहितो, आणि ज्याला येतं त्याने लिहू नये, कारण तो इतरांचा स्पर्धक. हे मत मला साफ अमान्य आहे, आणि माझा दाखला केशवराव भोळ्यांचा.

केशवराव भोळे ‘प्रभात’ फिल्म कंपनीचे संगीतकार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. ‘एकलव्य’ आणि ‘शुद्धसारंग’ या टोपणनावांनी संगीतावर लिहिणारे भोळे मात्र विस्मरणात गेले. टोपणनाव म्हणजे लपून वार, असं कुणी म्हणेल. पण स्वतः पियानोसाठी रचना करणारा जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमानही फ्लोरेस्टान आणि युसेबियस या नावांनी लिहीत असे. १८३१ साली त्याने शोपँची जर्मन वाचकांना ओळख करून दिली. शोपँ पियानोवादक, रचनाकार आणि वयानेही त्याच्याच बरोबरीचा. स्पर्धेपोटी गप्प बसायचं, तर शूमाननेच बसायला हवं होतं.

उलट, रचनाकाराच्या कानाला जे कळतं ते निव्वळ श्रोत्याला सहसा कळत नाही. १९३७चा ‘कुंकू’ हा चित्रपट पाहा. चित्रपटांत पियानो, व्हायोलिन, हवाइयन गिटार आणणाऱ्या भोळ्यांचं संगीत, आणि तरी पार्श्वसंगीत नाहीच. प्रसंगात जे आवाज घडतात तेवढेच ऐकू येतात. शांता आपटेंनी साकारलेली नायिका नीरा गाते तेव्हा गाणं वेगळं उठून दिसतं, कारण आधीची जागा मोकळी आहे. हा निर्णय एकट्या भोळ्यांचा नव्हे, दिग्दर्शक व्ही. शांतारामांचाही. पण वाद्यमेळ हाताशी असताना तो बाजूला ठेवायला संगीतकार तयार होतो, तेव्हा त्याच्यातला समीक्षक आधी स्वतःच्याच कामावर चाललेला असतो.

‘संत तुकाराम’मधलं (१९३६) ‘आधी बीज एकले’ हे गीत शांताराम आठवल्यांचं. भोळ्यांची चाल भजनाच्या वळणात इतकी मुरली की लोकांना तो तुकोबांचाच अभंग वाटला. परंपरेचं असं भान असलेल्या माणसाने गवयांबद्दल लिहिलं, तर ते हेवा म्हणून बाजूला सारायचं?

शिवाय भोळ्यांनी स्वतःलाही सोडलं नाही. ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ या पुस्तकात त्यांनी आपलंच काम तपासायला घेतलं. त्यांचे चित्रपट आपण आवडीने पाहतो. त्यांची ‘अस्ताई’ आणि ‘अंतरा’ ही पुस्तकंही तितक्याच आवडीने वाचायला हवीत. जुन्या ग्रंथालयांत शोधा, मिळाली तर मोठ्याने वाचा, आणि पटलं नाही तर भोळ्यांशी भांडा.