दोन टक्क्यांचा धक्का

टॉवेल घ्यायला गेले आणि अकाऊंट्स शिकून आले! सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत असंही होतं. मागांचा खडखडाट मागे टाकून एका टेरी टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात शिरले, तर अकाऊंटंट काका कामगारांच्या ग्रॅच्युइटीचा हिशेब घेऊन बसलेले. ‘‘या ताई, बसा की. एका आकड्यानं डोकं उठवलंय बघा!’’

तो आकडा म्हणजे डिस्काऊंट रेट. छे, सेलमधला डिस्काऊंट नव्हे! फंडा सोपा आहे. एका कामगाराला २० वर्षांनी १ लाख रुपये द्यायचेत. त्यासाठी आज किती तरतूद हवी? पैसा वर्षाला ८ टक्क्यांनी वाढेल असं धरलं, तर साधारण २१,५०० रुपये. ६ टक्के धरले, तर ३१,२०० च्या आसपास. देणं तेच, माणूसही तोच. दोन टक्के काय कमी केले, आजचा बोजा जवळपास दीडपट!

मग मोह होणारच. मोठा दर धरा, देणं बारीक दिसतं आणि नफा गुटगुटीत. म्हणूनच हा दर मालकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. एएस १५ हे अकाऊंटिंग स्टँडर्ड सांगतं, ताळेबंदाच्या तारखेला सरकारी रोख्यांवर बाजारात जो परतावा मिळतोय, त्यावरून दर ठरवा. रोख्यांची मुदतही देण्याच्या मुदतीशी जुळती हवी. शेअर बाजाराची स्वप्नं इथे चालत नाहीत, बॉस!

पेन्शनचंही तेच. २००३ मध्ये वरिष्ठ पेन्शन विमा योजनेत ज्येष्ठांना ९ टक्क्यांची हमी मिळाली. एलआयसीची कमाई त्याहून कमी पडली, तर फरक सरकार भरणार होतं. म्हणजे कमी पडलेले टक्के हवेत विरत नाहीत, कुणाच्या तरी खिशातून जातात. तो खिसा कुणाचा, हे आधी ठरलेलं नसेल तर शेवटी म्हाताऱ्या कामगाराचाच. कापड गिरण्या बंद पडताना पाहिलेल्या सोलापूरला हे वेगळं सांगायला नको.

काकांनी वहीतला ८ खोडला आणि रोख्यांचा दर लिहिला.

‘‘मालक चिडतील ना?’’ मी विचारलं.

‘‘चिडू देत की ओ. वीस वर्षांनी हा गडी पैसे मागायला येईल, तेव्हा मी नसतोय इथं. पैसे तरी असू देत!’’

तुमच्या कंपनीच्या अॅन्युअल रिपोर्टमध्ये हा दर मागच्या पानांवरच्या बारीक टिपांत सापडेल. यंदा चेअरमनसाहेबांचा फोटो बघून झाला, की तेवढं पान जरूर उघडा. हिशेब तुमच्याच म्हातारपणाचा आहे!