सांधा दिसता असावा

ज्या शब्दाने आपण मराठीत एका अवघ्या वाङ्मयप्रकाराला संबोधतो, तो ‘कादंबरी’ हा शब्द मुळात एका अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथाचे नाव आहे, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. सातव्या शतकात बाणभट्टाने आरंभिलेली ती कथा त्याच्या निधनाने खंडित झाली. आणि ती अपुरी राहिल्याने सज्जनांना होणारे दुःख पाहून, कवित्वाच्या दर्पाने नव्हे, आपण ती हाती घेतली, असे निवेदन करून त्याच्या पुत्राने ती सिद्धीस नेली.

लेखकाच्या पश्चात त्याचे अपुरे लिखाण प्रसिद्ध करावे, असेच माझे मत आहे. यावर मुख्य हरकत येते ती लेखकाच्या इच्छेची. १९२४ साली क्षयाने निवर्तलेल्या फ्रान्झ काफ्काने आपली हस्तलिखिते न वाचता जाळावीत असे मॅक्स ब्रोड या मित्राला लिहून ठेवले होते, आणि ब्रोडने ते न जुमानता १९२५ ते १९२७ या अवधीत त्याच्या तीन अपुऱ्या कादंबऱ्या उजेडात आणल्या. असले काम आपल्या हातून होणार नाही, हे आपण त्याला हयातीतच बजावले होते, असा ब्रोडचा खुलासा आहे. तो ग्राह्य धरला, तर साफ नकार देणाऱ्यालाच पुन्हा तीच विनंती करणाऱ्या लेखकाचा निश्चय कितपत पक्का होता, अशी शंका घेण्यास जागा उरते.

ब्रोडचा दोष मला आज्ञाभंगात दिसत नाही, संपादनात दिसतो. ‘द कॅसल’चे हस्तलिखित वाक्याच्या मध्यावरच तुटते, पण ग्रंथ पूर्ण भासावा म्हणून पहिल्या आवृत्तीत त्याने अखेरचा मजकूरच गाळला. याउलट, व्हर्जिलने जाळावयास सांगितलेले ‘ईनिड’ ऑगस्टस बादशहाच्या हुकुमावरून प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यातील अर्ध्यावर थांबलेल्या ओळी संपादकांनी तशाच राहू दिल्या, आणि आज दोन हजार वर्षांनंतरही त्या तशाच आहेत.

आपल्या कायद्याने मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा स्वामित्वहक्क प्रकाशनापासून साठ वर्षे चालतो, म्हणजे वारसाला दप्तर उघडण्याचा मोह आहेच. म्हणूनच त्याने मालकाच्या नव्हे, विश्वस्ताच्या नात्याने वागावे. बाणपुत्राने पित्याच्या वाक्याला आपले वाक्य जोडले, पण सांधा लपविला नाही. आणि म्हणूनच पूर्वभाग बापाचा व उत्तरभाग लेकाचा, हे पाठशाळेतला विद्यार्थीही आज निःशंकपणे सांगू शकतो.