छातीत मशीन बसलं, म्हणून कारखान्यात यायचं नाही?

मागे केमला प्रशिक्षणासाठी गेलो होतो. करमाळा तालुक्यातलं हे गाव कुंकवासाठी सगळीकडे माहीत आहे. जेवणाच्या सुट्टीत एक तरुण बाजूला घेऊन म्हणाला, "सर, वडिलांना पेसमेकर बसवलाय. ठोके फार कमी पडायचे, दोनदा चक्कर येऊन पडले. आता आम्ही त्यांना कारखान्यात येऊच देत नाही. मोटारीमुळे काही झालं तर?"

मी त्याला माझ्या डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली हात लावायला सांगितलं. तिथं काड्यापेटीसारखा उंचवटा लागतो. सहा वर्षं झाली. व्हिडिओत माझा शर्टाचा खिसा कायम रिकामा दिसतो, त्याचं कारण हेच. मोबाईल त्या जागेपासून निदान सहा इंच लांब ठेवायचा आणि उजव्या कानाला लावायचा.

माझं मत स्पष्ट आहे. वडिलांना घरी बसवणं चूक आहे. ते यंत्र ठोका चुकला की बारीकसा विजेचा इशारा देतं, एवढंच. १९५८ मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना जगातला पहिला पेसमेकर शरीरात बसवला, तो काही तासांतच बंद पडला. पण पुढे यंत्रं बदलत बदलत ते २००१ पर्यंत जगले. बसवणाऱ्या डॉक्टरांपेक्षाही जास्त!

पथ्यं आहेत, नाही असं नाही. सुरुवातीचे चार-सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्यावर न्यायचा नाही, पोती उचलायची नाहीत. चालू मोटारीवर छाती टेकून वाकायचं नाही, दोन फूट लांब उभं राहायचं, अर्थिंग तपासून घ्यायचं. वेल्डिंगवाला आला की आपण बाहेर चहा प्यायला जायचं. मोठ्या स्पीकरच्या लोहचुंबकाला चिकटून बसायचं नाही. (लग्नाच्या डीजेपासून लांब राहायला चांगलं कारण मिळतं, हा फायदाच.) पेसमेकरचं कार्ड पाकिटात हवंच, एमआरआय सांगितला तर आधी ते दाखवायचं. आणि आपल्या मशीनबद्दल शेवटचा शब्द आपल्या डॉक्टरांचा, माझा नाही. ठोके अनियमित असतील तर गोळ्याही चालू राहतात. यंत्र बसलं म्हणून रक्त पातळ करणारी गोळी मनानं सोडणारे मी पाहिलेत. असं करू नका, त्यातून लकवा येऊ शकतो.

मग मी त्या पोराला विचारलं, वडील दवाखान्यात होते तेव्हा काय झालं? तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. आषाढीच्या तोंडावर आठ दिवस माल गेला नाही. कोणत्या व्यापाऱ्याकडे किती उधारी, रंगाचं प्रमाण किती, पोती कोणत्या ट्रान्सपोर्टनं जातात, सगळं वडिलांच्या डोक्यात. मोटारीपेक्षा मला याची जास्त भीती वाटते. आणि वडिलांनी पहिली चक्कर घरी सांगितलीच नव्हती, का तर बाजारात बोभाटा होईल, उधारी मिळायची नाही.

तुम्हीही हेच करताय का? मी केलं होतं. दीड महिना लपवलं. आरोग्य विम्याच्या फॉर्ममध्येही लपवायचा मोह होतो. पण लपवलेलं सापडलं तर दावा फेटाळला जातो. खरं लिहिलं तर आधीच्या आजारासाठी २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. थांबलेलं परवडतं.

बॅटरी साधारण आठ-दहा वर्षांनी संपते. ती एकाएकी बंद पडत नाही, तपासणीत आधी कळतं आणि छातीतलं यंत्र बदलतात. त्या खर्चासाठी मी दर महिन्याला वेगळ्या खात्यात पैसे टाकतो, जसे पल्व्हरायझरच्या दुरुस्तीसाठी टाकतो तसेच.

परवा त्या पोराचा फोन आला. वडील सकाळी दोन तास कारखान्यात येतात, खुर्ची मोटारीपासून लांब ठेवलीय. वही समोर आहे. वडील सांगतात, सून लिहिते. रंगाचं प्रमाण मात्र अजून सांगितलेलं नाही म्हणे.