साठ की आठ?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची फी भरायची होती आणि भाईजान कुवैतहून पैसे पाठवणार होते. जुम्म्याच्या रात्री नेहमीप्रमाणे लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल झाला. अम्मी बोलत होत्या, आम्ही आत होतो. कॉल संपला आणि अम्मी एकदम गप्प झाल्या. सकाळी रुमालात बांधलेल्या दोन बांगड्या त्यांनी आमच्या पुढ्यात ठेवल्या.

"ह्या मोड. त्याचं तिकडं काही खरं दिसत नाही. आठ हजार पाठवतो म्हणाला. बाकीचे कुठून आणायचे, हे त्याला कुठल्या तोंडाने विचारू?"

आम्ही भाईजानना मेसेज टाकला. उत्तर आलं, "साठ. आठ कोण म्हणालं?"

बांगड्या परत पेटीत गेल्या, पण आमच्या मनाला टोचणी लागली. कित्येक महिने अम्मी त्या कॉलवर नुसतं "हो हो" म्हणत होत्या आणि आम्ही म्हणत होतो, अम्मींना आता ऐकू कमी येतं. चेष्टाही करत होतो. लॅपटॉपचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, हे आम्हालाही कळत होतं. पण आमचं भागत होतं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

हा लॅपटॉप आम्ही 2020 मध्ये, शाळा बंद होत्या तेव्हा, ऑनलाइन तासांसाठी जुना विकत घेतलेला. दुरुस्तीवाल्याने दोन मिनिटं ऐकून सांगितलं, "दोन्ही स्पीकर गेलेत, अठराशे लागतील." तेवढे खर्चण्यापेक्षा बरे म्हणून आम्ही ब्लूटूथचा हेडफोन आणून अम्मींच्या कानाला लावला होता. साठाचे आठ झाले ते त्याच हेडफोनवर.

मग शाळेतल्या संगणकाच्या सरांकडे गेलो. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलाच नाही. म्हणाले, आधी दोष कुठे आहे ते शोधू. लॅपटॉपमध्ये साठवलेलं एक भाषण त्यांनी लावलं. स्पीकरवर घोगरं आलं. मग साधा, वायरचा इअरफोन खोचला. त्यातही घोगरंच! इअरफोनमध्ये स्वच्छ आलं असतं तर स्पीकर फाटले किंवा जाळीत धूळ बसली असं म्हणता आलं असतं. दोन्हीकडे सारखंच बिघडलेलं, म्हणजे दोष बहुतेक आतल्या सेटिंगमध्ये. आमचे अठराशे रुपये तिथेच वाचले.

विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड असं जाऊन आपल्या स्पीकरच्या नावावर क्लिक केलं की खाली 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' असं दिसतं. आवाज 'सुधारण्यासाठी' कंपन्यांनी घातलेली ही सोय. आमच्याकडे तिनेच सगळं बिघडवलं होतं. 'ऑफ' केलं आणि निम्मा घोगरेपणा गेला. राहिलेल्यासाठी सरांनी डिव्हाइस मॅनेजर उघडून साउंडचा ड्रायव्हर काढून टाकला आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. विंडोजने ड्रायव्हर आपला आपण परत बसवला. (आम्ही मात्र ती पाच मिनिटं श्वास रोखून बसलो होतो.) घरी आल्यावर आणखी एक चूक आमची आम्हालाच दिसली. अम्मी पलंगावर बसतात, म्हणून लॅपटॉप गोधडीवर ठेवायचो, आणि ह्याचे स्पीकर तर खालच्या बाजूला! अर्धा आवाज गोधडीच ऐकत होती. आता खाली लाकडी पाट असतो.

राहिला तो हेडफोन. त्यावर गाणं लावलं तर झकास, कॉल लावला की पुन्हा डबा. ह्याचं कारण कळलं तेव्हा आम्हाला आमचा इमल्याचा तास आठवला.

ब्लूटूथ हेडफोन दोन तऱ्हांनी चालतो. नुसतं ऐकायचं असेल तेव्हा तो आवाज भरपूर आणि दोन्ही कानांना वेगवेगळा देतो. पण त्याचाच माइक सुरू झाला की येणं आणि जाणं दोन्ही सांभाळायचं म्हणून सहसा तो टेलिफोनसारखा होतो. माणसाचा निरोगी कान साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो. जुन्या टेलिफोनच्या तारेतून मात्र 300 ते 3,400 एवढंच जायचं, आणि साध्या हेडफोनची कॉलची तऱ्हा जवळपास तिथेच अडते. आता 'स' उच्चारून पाहा. त्याची बहुतेक सळसळ 4,000 च्या वर असते. 'श', 'फ' यांचंही पुष्कळसं तसंच. म्हणजे 'साठ' निघाला, वाटेत 'स' गळाला, आणि अम्मींच्या कानाशी 'आठ' पोहोचला. इमला सांगताना शेवटच्या बाकावरची मुलं अशीच अक्षरं गाळतात. त्यांना स्वर पोहोचतो, व्यंजन वाऱ्यावर जातं. आम्ही मात्र कान धरायला लावायचो!

उपाय चार आण्यांचा निघाला. कॉलच्या सेटिंगमध्ये आवाज ऐकण्यासाठी हेडफोन निवडायचा आणि माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक. हेडफोनवरचा बोजा उतरतो आणि तो पुन्हा पूर्ण आवाज देतो. वायरचा हेडफोन असेल तर ही कटकटच नाही. घरात वयस्कर माणूस असेल तर आम्ही वायरचाच घ्या म्हणू, चार्जिंगची आठवणही ठेवावी लागत नाही.

हे सगळं झाल्यावर अम्मींना जिल्हा रुग्णालयात नेऊन कानही तपासून घेतले. ऐकू कमी येतं, हे खरं निघालं. वयाबरोबर कान आधी उंच पट्टीचे आवाज सोडतो, म्हणजे 'स' आणि 'श' ज्या पट्टीत राहतात तीच. जे कानाने थोडं सोडलं होतं, ते हेडफोन पूर्ण कापत होता. आम्ही तरुण कानांनी उरलेल्यावरून अंदाज बांधायचो, अम्मींना तो बांधता येत नव्हता. त्यांचा उजवा कान जास्त कमजोर आहे. अशा माणसासाठी विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटीत, ऑडिओखाली, 'मोनो ऑडिओ' म्हणून एक बटण आहे. ते सुरू केलं की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन प्रत्येक कानाला सगळा मिळतो. कानातल्या यंत्राबद्दल डॉक्टरांनी सांगितलंय. अम्मी अजून "बघू" वर आहेत.

त्यानंतरच्या जुम्म्याला कॉल लागला. भाईजानांनी सलाम केला. अम्मींनी जवाब दिला आणि दुसरंच वाक्य विचारलं, "तुझ्या मागे भांडी कोण घासतंय? आणि हा खोकला कधीपासून?"

भाईजान म्हणाले, "खोकला? नाही, काही नाही."

"पंधरा दिवसांचा तरी आहे," अम्मी म्हणाल्या. मग हेडफोन कानावर नीट बसवून त्यांनी विचारलं, "डॉक्टरकडे कधी जातोस, तारीख सांग."