उद्यमबागेत हजार नग सहज होतात, एक नग का होत नाही?

बेळगाव : गेल्या महिन्यात ओळखीतला एक तरुण हातात पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन उद्यमबागेत फिरत होता. जुन्या पेट्रोल कारच्या इंजिनला टर्बो बसवायचा त्याचा प्रयोग चाललाय. टर्बो आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बसणारी एक फ्लँज त्याला करून हवी होती. तळहाताएवढी जाड पट्टी, मध्ये एक चौकोनी तोंड, कडेला चार भोकं. एवढंच काम. चार वर्कशॉपमध्ये त्याला पहिला प्रश्न एकच आला, "किती नग?" आणि "एक" म्हटल्यावर उत्तरही एकच, "मग जमत नाही बघा."

गावाबाहेरच्या माणसाला हे ऐकून नवल वाटेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली सायकलचं दुकान काढलं ते याच बेळगावात. पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगरही इथंच सुरू झाले. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली, पण लोखंडाची विद्या इथं राहिली. आज फौंड्री, हायड्रॉलिक आणि मशीनिंगचं काम उद्यमबाग, मच्छे, होनग्यापर्यंत पसरलंय. हत्तरगीला विमानाचे सुटे भाग होतात. मग एका फ्लँजला नकार का?

कारखानदाराची बाजू आधी समजून घेऊ. हिशेब साधा आहे. धरून चाला की ड्रॉइंग वाचणं, प्रोग्रॅम करणं, जॉब मशीनवर बांधणं आणि टूल लावणं याला 3 तास लागतात, आणि प्रत्यक्ष कापायला 20 मिनिटं. 500 नगांची ऑर्डर असेल तर सेटिंगचा वाटा एका नगामागे अर्ध्या मिनिटापेक्षा कमी. एकच नग असेल तर सगळे 3 तास त्याच्याच डोक्यावर. गिऱ्हाईक मात्र लोखंडाचं वजन बघून दर मागतं. तिथंच व्यवहार मोडतो.

दुसरी अडचण ड्रॉइंगची. पुठ्ठ्यावर काढलेल्या ठशावरून भोकांचं अंतर अचूक मिळत नाही. मिलिमीटरभर चुकलं तर बोल्ट बसत नाही, आणि दोष वर्कशॉपवर येतो. व्हर्नियरने मापं घेऊन डीएक्सएफ फाईल आणणाऱ्याला लेझर कटिंगवाला तेवढ्या लवकर परत पाठवत नाही, कारण तिथं सेटिंग फार कमी असतं. आधी तीन मिलिमीटरच्या पातळ पत्र्यातून नमुना कापून गाडीवर बसवून बघावा, मग जाड पट्टी कापावी. ही सवय लागली तर निम्मे वाद मिटतील.

तिसरी अडचण कामाच्या स्वरूपाची. पेट्रोल इंजिनचा धूर जोर लावल्यावर 900 अंशांच्या घरात जाऊ शकतो. साध्या लोखंडाला त्या उष्णतेत पापुद्रे सुटतात, म्हणून बरेच जण स्टेनलेस मागतात. वेल्डिंग करताना फ्लँज वाकते. जाणता फिटर ती आधी जाड प्लेटला बोल्टने आवळतो, थोडं थोडं टिग वेल्डिंग करतो आणि शेवटी तोंड ग्राइंडिंगवर सपाट करून घेतो. शेवटची पायरी गाळली की धूर गळणार. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे घेतो. त्याच्या तेलाच्या नळीचा जोड गळला आणि तेल तापलेल्या भागावर पडलं, तर आग लागायला वेळ लागत नाही. नकार देणाऱ्याच्या मनात ही भीतीही असते.

आता सीमेचा प्रश्न. इथं नाही झालं तर पोरं शिरोली किंवा गोकुळ शिरगावची वाट धरतात. खासगी माणूस पिशवीत घालून नेईल. पण नोंदणी असलेल्या गॅरेजने तोच जॉब कोल्हापूरला जॉबवर्कसाठी पाठवला, तर माल शंभर रुपयांचा असला तरी ई-वे बिल लागतं. राज्यातल्या राज्यात मात्र साधारण 50 हजारांपर्यंत ते लागत नाही. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून नोंदणीकृत व्यावसायिकाच्या मालावरच्या अशा जॉबवर्कचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला. ही रक्कम क्रेडिटमध्ये परत मिळते, पण तोवर छोट्या माणसाचे पैसे अडकतात. एका फ्लँजसाठी एवढा कागद कोण करणार?

आणि एक गोष्ट या पोरांनाही स्पष्ट सांगायला हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे 5 हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर बोट ठेवणार. म्हणजे असा प्रयोग स्पर्धेच्या ट्रॅकवर किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये शोभतो, खानापूर रोडवर नाही.

मग एवढ्या छोट्या विषयावर लिहायचं कशाला? कारण एक नग फक्त टर्बोवाल्याला लागत नाही. जुन्या पंपाचा भाग न मिळालेला शेतकरी, उसाच्या चरकाचं दातेरी चाक तुटलेला रसवाला, प्रोजेक्ट घेऊन धावणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सगळे याच दारातून परत जातात. पूर्वी कोपऱ्यावरचा लेथवाला हे काम करायचा. त्याची पिढी आता थकली. त्यांची मुलं सीएनसीवर बटण दाबायला शिकली, पण नुसता तुटका तुकडा बघून नवा घडवायचं शिक्षण त्यांना कोण देणार?

उपाय अवघड नाही. जीटीटीसीसारख्या सरकारी टूलरूमने आणि आयटीआयने आठवड्यातला एक दिवस एका नगाच्या कामासाठी ठेवावा. सेटिंगचा दर भिंतीवर लावावा, म्हणजे घासाघीस नको. काम विद्यार्थी करतील, देखरेख निवृत्त टर्नर-फिटर करतील. गिऱ्हाइकाने ड्रॉइंग आणावं आणि सेटिंगचे पैसे न कुरकुरता द्यावेत.

त्या तरुणाची फ्लँज शेवटी झाली. अनगोळातल्या एका वयस्क मिस्त्रींनी जुन्या मिलिंगवर दीड दिवस घालवून करून दिली. पैसे विचारले तर म्हणाले, "अगोदर बसव, मग बघू." त्यांच्या मशीनवर दुसरा माणूस नव्हता. ते थांबले की ते मशीन भंगारात जाणार, आणि बेळगावची ही विद्या तेवढीच कमी होणार.