सोनारानें कान टोचावे, पण कोणत्या सुईनें?

‘सोनारानेंच कान टोचले पाहिजेत’ ही म्हण आपल्याकडे उपदेशाच्या अधिकारासंबंधानें वापरतात. आज आम्ही ती तिच्या अक्षरशः अर्थानें घेणार आहोंत. ज्याचा हात रोजचा सरावलेला, त्यानेंच नाजूक काम करावें, हें तिचें मर्म योग्यच आहे. परंतु हात सरावलेला असणें निराळें व सुई निर्जंतुक असणें निराळें. ज्या तारेनें सकाळीं एका घरच्या मुलीचे कान टोचले, तीच तार फडक्यास पुसून दुपारीं दुसऱ्या घरीं वापरण्याचा प्रकार अजून पुष्कळ ठिकाणीं चालतो, आणि घरांतील वडील मंडळी नारळ व दक्षिणा देऊन त्याची संभावना करतात. ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणु वाळलेल्या रक्तांतही निदान सात दिवस जिवंत राहूं शकतो, हें त्या मंडळींस कोणी सांगितलेलें नसतें.

कर्णवेध हा संस्कार आहे. तो सोडून द्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. सुधारणेचें नांव काढतांच ज्यांस धर्म बुडाल्याचा भास होतो, त्यांनीं सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील सोळावा अध्याय कोणा जाणत्याकडून समजावून घ्यावा. मूल सहा-सात महिन्यांचें झाल्यावर कान टोचावा. पाळी ओढून धरली असतां सूर्याचा प्रकाश ज्या पातळ जागेंतून दिसतो तेथेंच, सावकाश व सरळ सुई घालावी. रक्त किंवा वेदना फार झाल्यास जागा चुकली असें समजावें, असें तेथें सांगितलें आहे. इतकेंच नव्हे, टोचलेला कान सुजून ठणकूं लागला तर त्याचीं कारणेंही दिलीं आहेत: सुई वाईट असणें, भोकांतील वात फार जाड असणें, टोचणें चुकणें, किंवा शरीरांतील दोष बळावणें. शेजारणीची दृष्ट त्या यादींत नाहीं. जंतूंचें ज्ञान नसलेल्या काळीं ज्या शास्त्रानें सुईकडे बोट दाखविलें, त्याचा अभिमान सांगणाऱ्यांनीं आज बंद पाकिटांतील, एकदां वापरून टाकून देण्याची सुई औषधांच्या दुकानांतून आणूं नये, हें आश्चर्य आहे. तिला पैसेही थोडेच पडतात.

याच ठिकाणीं वयाचाही विचार केला पाहिजे. आपल्याकडे बहुधा बारशाच्या दिवशींच, म्हणजे बाराव्या दिवशीं, कान टोचतात. धनुर्वाताची लस ज्या संयुक्त लशींत असते तिची मात्रा बालकास सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत देतात. तेव्हां नांव बाराव्या दिवशीं ठेवावें, आणि कान या तीन मात्रा झाल्यावर टोचावा. हा हिशेब सुश्रुताच्या सहाव्या महिन्याशींही बरोबर जुळतो.

शहरांत आतां सोनाराच्या जागीं सौंदर्यगृहें व दागिन्यांच्या पेढ्या आल्या आहेत, आणि सुईच्या जागीं लोक ज्यास ‘गन’ म्हणतात तें पिस्तुलासारखें यंत्र आलें आहे. तें दिसण्यांत शास्त्रीय असल्यामुळें सुशिक्षित आईबाप निःशंक असतात. वस्तुतः पुन्हां पुन्हां वापरावयाचीं असलीं यंत्रें बहुधा प्लास्टिकचीं असतात. दाबाच्या वाफेनें तीं निर्जंतुक करूं जावें तर बिघडतात, म्हणून नुसतीं पुसून ठेवतात. शिवाय तें यंत्र बोथट कुडी स्प्रिंगच्या जोरानें आंत घुसवितें. मऊ पाळीस हा धक्का बहुधा सोसतो. कानाचा वरचा भाग मात्र कूर्चेचा असतो. कूर्चेस स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहींत. तिच्यावरील पातळ आवरणांतून तिला पोषण मिळतें. त्या आवरणाखालीं पू सांठला कीं आवरण सुटतें, पोषण तुटतें व कूर्चा मरते. मग कान चुरगळलेल्या पानासारखा होतो, आणि तो पूर्ववत् करणें निष्णात शस्त्रवैद्यासही कठीण जातें. वरचा कान टोचण्याची हौस विलायती आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. आपल्या आज्यांची बुगडी व पेशवाईंतील पुरुषांची भिकबाळी याच भागांत असे. ज्यांस केवळ शोभा हवी त्यांस चापाची बुगडी बाजारांत मिळते, तिला भोक लागत नाहीं.

हा धोका कल्पित नाहीं. सन २००० मध्यें अमेरिकेंतील ऑरेगॉन संस्थानांत दागिन्यांच्या एका छोट्या दुकानीं ११८ लोकांनीं टोचून घेतलें. त्यांपैकीं ७ जणांस स्यूडोमोनस नांवाच्या जंतूची बाधा निश्चित ठरली व आणखी १८ जणांविषयीं संशय राहिला. त्या सातही जणांनीं वरची कूर्चा टोचून घेतली होती; चौघांस रुग्णालयांत ठेवावें लागलें. शोध करतां तो जंतु सांपडला कोठें? जंतुनाशकाच्याच बाटलींत! बहुतेकांस आरंभीं जीं औषधें दिलीं तीं या जंतूवर लागू पडणारीं नव्हतीं. दुकानदारास विचारून गोळ्या घेणाऱ्या आमच्या वाचकांनीं हें शेवटचें वाक्य पुन्हां वाचावें.

टोचल्यावर आठ-दहा दिवस किंचित् लाली व पातळ लस येणें स्वाभाविक आहे. साबणानें हात धुऊन, पेलाभर उकळून निवविलेल्या पाण्यांत पाव चमचा मीठ घालून त्यानें दिवसांतून दोनदां जागा पुसावी व कोरडी करावी. एवढेंच पुरे. कुडी फिरवीत बसूं नये. खोबरेलांत कालविलेली स्वयंपाकघरांतील हळद निर्जंतुक नसते. राख व शेण यांतून तर धनुर्वात ओढवतो. पाळी भरून येण्यास सहा ते आठ आठवडे लागतात, वरच्या भागास चार महिन्यांपासून वर्षापर्यंत. पू दिसला म्हणून कुडी घरीं उपटून काढूं नये. भोक मिटलें तर पू आंत कोंडतो. ती काढावी कीं ठेवावी हें डॉक्टरांनीं ठरवावें. पू नाहीं, पण खाज व पुरळ आहे, अशा वेळीं बहुधा दागिन्यांतील निकेल हा धातु बाधलेला असतो. मात्र पाळी निरोगी राहून वरचा कान लाल, गरम व सुजलेला झाला, ताप आला, अथवा कुडीची फिरकी मांसांत रुतली, तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. उद्यांवर टाकूं नये.

व्यापारी बंधूंसही दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. इंग्रजांचें सर्वच अनुकरणीय नसलें तरी त्यांच्या १९८२ च्या कायद्यानें कान टोचणाऱ्यांची व त्यांच्या जागेची नोंदणी करण्याचा अधिकार तेथील स्थानिक संस्थांस दिला, ही गोष्ट आमच्या नगरपालिकांनीं विचारांत घेण्याजोगी आहे. तोंवर सराफ मंडळानें स्वतःच सुईचा नियम घालून घ्यावा. ज्या पेढीचें नांव सोन्याच्या कसावर उभें आहे तिनें तें घाणेरड्या यंत्रापायीं घालवूं नये. ग्राहकांनींही ‘खरेदीवर कान फुकट टोचून मिळतील’ या पाटीस भुलूं नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत विनामूल्य दिलेली सेवा ‘सेवा’ या व्याख्येंतून वगळलेली आहे. पुढें कान बिघडला तर दुकानदाराचा वकील प्रथम हेंच कलम उघडील. म्हणून कुड्यांच्या पावतीवर टोचण्याची मजुरी, मग ती दहा रुपये कां असेना, निराळी लिहून घ्यावी, आणि पाकीट आपल्यासमोर फोडावयास लावावें.